ग्रामीण रस्ता कोणाच्या ताब्यात असावा : ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की सार्वजनिक बांधकाम विभाग?

माणदेशी (प्रश्न)

आमच्या गावापासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंतचा रस्ता दिसायला एकच असला तरी कागदावर त्याचे तीन तुकडे आहेत. गावाजवळचा भाग मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झाला असून त्याची पाच वर्षांची देखभाल अजून ठेकेदाराकडे आहे. मधला भाग जिल्हा परिषदेच्या नोंदवहीत ग्रामीण मार्ग म्हणून आहे, तर पुढचा भाग इतर जिल्हा मार्ग आहे आणि तोही जिल्हा परिषदेकडेच आहे. कालव्याचे पाणी आल्यापासून परिसरात ऊस वाढला आणि गळीत हंगामात भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी मधल्या तुकड्याची दशा केली. दुरुस्तीची मागणी केली की निधी नसल्याचे उत्तर मिळते.

येत्या ग्रामसभेत असा ठराव मांडला जाणार आहे की संपूर्ण रस्त्याची दर्जोन्नती करून तो प्रमुख जिल्हा मार्ग करावा, म्हणजे तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जाईल. काही जाणत्या सदस्यांचा याला विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की जिल्हा परिषदेत आपला निवडून दिलेला सदस्य असतो, त्याला जाब विचारता येतो. बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला गाव कसा जाब विचारणार? एका तरुण सदस्याने तर रस्ता आणि त्याचा निधी थेट ग्रामपंचायतीकडेच द्यावा, अशी सूचना केली आहे.

मला केवळ आमच्या रस्त्यापुरते उत्तर नको आहे. ग्रामीण रस्ते शासनाच्या कोणत्या पातळीने सांभाळावेत, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

जुना ओव्हरसियर

माझी बहुतेक नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेली, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार, हे लक्षात घेऊन वाचावे.

आजची विभागणी आकाशातून पडलेली नाही. १९४३ च्या नागपूर योजनेने देशातील रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग (प्रमुख आणि इतर) आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड मांडली. महाराष्ट्रात १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या, तेव्हा उतरंडीतील खालच्या पायऱ्या, म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, त्यांच्याकडे आल्या. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे राहिले. पंचायत राजची रचना सुचवणाऱ्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुका पातळीवर भर दिला होता. राज्याने नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा हा मुख्य घटक धरला. रस्त्यांच्या बाबतीत मला हा निर्णय आजही योग्य वाटतो, कारण प्रयोगशाळा, रोलर, अंदाजपत्रके तपासणारे उपअभियंते आणि निविदा हाताळणारी लेखाशाखा यांचा खर्च एका तालुक्याला परवडत नाही, ग्रामपंचायतीची तर बातच सोडा.

पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर गावोगाव मातीकाम आणि खडीकरण झाले. लोकांना काम मिळाले, गावाला वाट मिळाली, पण त्या वाटांपैकी कितीतरी अनेक वर्षे कोणाच्याच नोंदवहीत नव्हत्या. जो रस्ता नोंदवहीत नाही, त्याला क्रमांक नाही आणि क्रमांक नाही तर दुरुस्तीचे अंदाजपत्रकही होत नाही. म्हणून कोणत्या पातळीकडे रस्ता द्यावा, या चर्चेआधी तो नोंदवहीत आहे का आणि त्याची लांबी बरोबर लिहिली आहे का, हे पाहावे लागते.

आपल्या ठरावाबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग झाला की तो बांधकाम विभागाच्या त्या यादीत शिरतो, जिच्या वरच्या टोकाला राज्य मार्ग आणि मोठे पूल असतात. वाहतूक खरोखर वाढलेली असेल तर त्या यादीत त्याला जागा मिळते. ती तितकी नसेल तर जिल्हा परिषदेच्या यादीतला मधला रस्ता तिथे शेवटचा होतो आणि जाब विचारायला जिल्हा परिषदेचे बांधकाम सभापतीही उरत नाहीत.

लेखाशीर्ष

वरील इतिहास मान्य करूनही मला वाटते की या चर्चेत रस्त्याच्या ताब्याला गरजेपेक्षा अधिक महत्त्व मिळत आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत, तेराव्या क्रमांकावर रस्ते, मोऱ्या आणि पूल स्पष्टपणे लिहिलेले आहेत. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. विषय सोपवण्यात अडचण आली नाही. पैसा कोणत्या वाटेने येतो, तिथे अडचण आहे.

ती वाट पाहा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात २००१ च्या जनगणनेनुसार ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकवस्तीच्या वाड्यावस्त्या बारमाही रस्त्याने जोडणे हा तिचा मूळ हेतू होता. आरंभी पूर्ण खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी तो केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटला गेला. २०१५ मध्येच राज्याने आपली मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली. दोन्हींमध्ये ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते आणि ही तरतूद उत्तम आहे. परंतु सहाव्या वर्षी तो रस्ता जिल्हा परिषदेच्या हाती येतो, तेव्हा त्याच्याबरोबर देखभालीचा पैसा येईलच याची हमी नसते. वरच्या पातळीवर रस्ता बांधण्याचा निर्णय होतो, उद्घाटनाची कोनशिला तिथल्या नावाने लागते आणि पुढच्या पंचवीस वर्षांचे ओझे अशा संस्थेवर पडते, जिला स्वतःचे म्हणण्यासारखे उत्पन्न फारसे नाही. डिझेलवरचा उपकर केंद्राकडे जातो, वाहनकर राज्याकडे. ज्या रस्त्यावर ते वाहन झिजते आणि रस्त्यालाही झिजवते, त्या रस्त्याच्या मालकाला त्यातले थेट काही मिळत नाही.

जिल्हा परिषदेला रस्त्यांसाठी मुख्यतः ३०५४ (देखभाल-दुरुस्ती) आणि ५०५४ (बांधकाम) या लेखाशीर्षांखाली, म्हणजे सरकारी हिशेबातील खर्चाच्या सदरांखाली, जो निधी मिळतो, तो जिल्हा नियोजन समितीतून येतो आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. याशिवाय २५१५ या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षाखालील कामे बहुधा आमदारांच्या शिफारशीने ठरतात. म्हणजे कायद्याने रस्ता जिल्हा परिषदेचा, पण कोणत्या रस्त्याला यंदा डांबर लागेल हे ठरवणारी माणसे अनेकदा जिल्हा परिषदेबाहेरची. त्यात २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते. त्या काळात ‘आपल्या सदस्याला जाब विचारू’ हा युक्तिवाद कसा चालला असता, हे आपल्या विरोधक सदस्यांनीच सांगावे.

तेव्हा माझी कसोटी अशी आहे : ज्या पातळीला देखभालीचा निधी रस्त्याच्या लांबीप्रमाणे, दरवर्षी, शिफारशीविना मिळेल, तिच्याकडे रस्ता असावा. आज अशी पातळी एकही नाही. म्हणून ताबा बदलण्यापेक्षा ३०५४ चे वाटप सूत्राने व्हावे, ही मागणी मला अधिक फलदायी वाटते.

घाटमाथा

निधीचे सूत्र झाले तरी मूळ प्रश्नाचा एक भाग शिल्लक राहतो, तो म्हणजे रस्त्यावरून काय जाते. ग्रामीण मार्गाची रचना पावणेचार मीटर रुंदीची आणि हलक्या वाहतुकीसाठीची असते. रस्तेशास्त्रात एक ढोबळ नियम आहे की रस्त्याची हानी वाहनाच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. त्यामुळे दुचाक्या आणि जीप कितीही धावल्या तरी रस्ता मुख्यत्वे उसाच्या ट्रॉल्या, वाळूचे डंपर आणि खडीचे टिपर यांनीच मोडतो. या वाहनांवर कारवाईचा अधिकार परिवहन विभाग आणि पोलिसांकडे, वाळू-खडीचा परवाना महसूल विभागाकडे. हे सर्व राज्य शासनाचे हात आहेत आणि जिल्हा परिषदेकडे यांतला एकही नाही.

म्हणून मला वाटते की ज्या रस्त्यावर जड वाहतूक कायमची झाली आहे, तो राज्याकडेच जायला हवा, मग तो नकाशावर कितीही लहान असो. वर्गवारी गावांच्या जोडणीवरून ठरते. ती वाहतुकीच्या मोजणीवरून ठरावी. साखर कारखान्याकडे जाणारा इतर जिल्हा मार्ग आणि एखाद्या वाडीवर संपणारा इतर जिल्हा मार्ग यांना एकाच वर्गात ठेवणे मला अशास्त्रीय वाटते. काही कारखाने हंगामाआधी स्वतः मुरूम टाकून देतात, त्याचे कौतुक जरूर करावे, पण मुरमाने पायथर (डांबराखालचा पायाचा थर) मजबूत होत नाही.

कोकणवाट

इथली सगळी चर्चा देशावरच्या रस्त्यांना धरून चालली आहे, म्हणून थोडे आमच्याकडचे सांगतो. आमच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. इथे रस्ता ट्रॉलीने नव्हे, पाण्याने जातो. मृग नक्षत्रापूर्वी वरच्या अंगाचे गटार साफ झाले, मोऱ्यांची तोंडे मोकळी झाली आणि साइडपट्टीवरचे गवत कापले गेले, तर साधे डांबरीकरणही बरीच वर्षे टिकते. ते झाले नाही तर पहिल्याच मोठ्या सरीत पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि कडा खचते. एके काळी हे काम मैलकुली करीत. ठराविक लांबीचा रस्ता एका माणसाकडे असे आणि कोणती मोरी तुंबते हे त्याला पाठ असे. ती पदे रिकामी होत गेली आणि त्यांची जागा वार्षिक निविदेने घेतली. निविदा मंजूर होईपर्यंत बहुतेक वेळा आषाढ संपलेला असतो.

हे काम जिल्हा मुख्यालयातून होणार नाही, बांधकाम विभागाच्या उपविभागातूनही होणार नाही. ते ग्रामपंचायतीनेच करावे आणि त्यासाठी तिला पैसा द्यावा. आपल्या तरुण सदस्याची सूचना म्हणून मला पूर्णपणे उडवून लावण्यासारखी वाटत नाही. केरळने १९९६ नंतर लोकयोजनेत (गावपातळीवरून नियोजन करण्याच्या मोहिमेत) गावपातळीचे रस्ते ग्रामपंचायतींकडे दिले आणि राज्याच्या योजनानिधीचा मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे वळवला. अर्थात तिथली ग्रामपंचायत लोकसंख्येने आपल्याकडच्या कितीतरी ग्रामपंचायतींएवढी मोठी असते आणि तिला अभियंते मिळतात, हेही सांगायला हवे. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, असे वाटप झाले. पण त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. उरलेल्या पैशात गावठाणातले काँक्रीटचे रस्ते आधी होतात, कारण ते घरासमोर असतात. गावाबाहेरचे गटार कोणाच्याच दारात नसते.

साकवांचा (ओढ्यांवरच्या लहान पुलांचा) विषय मात्र मी ग्रामपंचायतीकडे देणार नाही. साकव लहान दिसतो, पण त्याचा पाया आणि पुराची पातळी ठरवायला अभियंताच लागतो.

माणदेशी

सर्वांचे आभार. ‘लेखाशीर्ष’ यांच्या प्रशासकांविषयीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि विरोधक सदस्यांकडेही असेल असे वाटत नाही. चर्चेतून मला एक गोष्ट स्पष्ट झाली की आमच्या रस्त्याचे तिन्ही तुकडे एकाच पातळीकडे असलेच पाहिजेत, हा आमचा आग्रह कदाचित अनावश्यक होता. कारखान्याच्या वाटेवरचा भाग आणि गावाकडे वळणारा भाग यांची वाहतूक मुळातच वेगळी आहे. त्यामुळे ठराव दोन करावेत असा विचार आहे : कारखान्याच्या फाट्यापासून बाजारपेठेपर्यंतच्या भागाच्या दर्जोन्नतीचा एक आणि उरलेल्या भागाची गटारे, मोऱ्या व साइडपट्ट्या यांची वार्षिक देखभाल जिल्हा परिषदेने निधीसह ग्रामपंचायतीकडे सोपवावी, असा दुसरा. शेताकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यांचा विषयही कोणीतरी काढणारच. तो याच ठरावात घ्यावा का?

जुना ओव्हरसियर

पाणंद यात मुळीच घालू नका. तिथे बहुधा अतिक्रमण आणि वहिवाटीचा वाद असतो. तो १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांपुढे जातो, आणि ठरावात त्याची सरमिसळ झाली की सगळा कागद महसूल शाखेत फिरत राहतो.

दर्जोन्नतीच्या ठरावासोबत वाहतूक गणना जोडावी. सलग सात दिवस, चोवीस तास, वाहनांच्या प्रकारानुसार मोजणी करण्याची रीत आहे. ती गळीत हंगामात करून घ्या; पावसाळ्यात केली तर ट्रॉल्या दिसणारच नाहीत आणि प्रस्ताव आकड्यांवरच फेटाळला जाईल. मोजणीला शाखा अभियंत्यांना लेखी पत्र देऊन बोलवावे, कारण ग्रामपंचायतीने एकटीने केलेली मोजणी वरच्या कार्यालयात ग्राह्य धरतीलच असे नाही. प्रस्तावाला जिल्हा परिषदेचीही संमती लागेल. रस्ता गेला की त्याच्या लांबीवरचा निधी मागण्याचा हक्कही जातो, म्हणून ही संमती सहजी मिळत नाही. आपल्या गटातील जिल्हा परिषद सदस्याशी आधी बोलून घ्यावे.

दुसऱ्या ठरावात ‘देखभाल’ एवढाच शब्द ठेवू नका. गटारांची लांबी, मोऱ्यांची संख्या आणि साफसफाई कोणत्या तारखेपूर्वी व्हावी, हे लिहा. खड्डे भरणे त्यात घेऊ नका. डांबराचे काम एकदा ग्रामपंचायतीच्या नावावर चढले की पुढचा प्रत्येक खड्डा तुमचा ठरेल.