धुतल्यावर स्वेटर दहा सेंमी रुंद झाला. उसवू का?

निळी_लोकर

बाबांसाठी गळ्यापासून खाली विणायचा रॅग्लन, म्हणजे तिरक्या बाहीचा, स्वेटर विणायला घेतलाय. पानगळ सुरू झाली की ते पहाटे फिरायला जातात, तोवर हातात द्यायचा होता. छाती ९६, सैलपणा ८, म्हणजे तयार घेर १०४ सेंमी. पॅटर्नचं माप १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी. लोकर सुपरवॉश (धुतल्यावर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली) मेरिनो, सुई ४ मिमीची. माप पडताळायला नमुन्याचा लहान तुकडा विणला, फूटपट्टी लावली, बरोबर २२ आले. खूप आनंद झाला आणि लगेच गळ्याचे टाके घातले.

बाह्यांचे टाके वेगळ्या दोऱ्यावर काढले, अंगाचे २२८ टाके घेऊन बगलेखाली १२ सेंमी उतरले. परवा वाटलं, एकदा अंगाला लावून बघावं, पण आधी नीट बसू दे. म्हणून सगळे टाके दोऱ्यावर घेतले, कोमट पाण्यात भिजवलं आणि सपाट वाळवलं. आता घेर ११४ भरतोय. १० सेंमीत २० टाके आणि २७ ओळी.

मला विणायला आईने शिकवलं. तिला कधी नमुना विणताना पाहिलं नाही, तरी तिचा एकही स्वेटर चुकला नाही. मी नमुना विणूनही चुकले, याचं फार वाईट वाटतंय. तीन आठवड्यांचं काम आहे. उसवण्यावाचून काही मार्ग आहे का? आणि उसवायचंच असेल तर ३.५ ची सुई घेऊ का?

उलटसुलट

इतक्यात उसवू नका. सुपरवॉश लोकर ओली झाली की पसरते, पण ड्रायरमध्ये मंद आचेवर थोडा वेळ फिरवली की बरीचशी परत आवळते. लोकरीच्या पट्टीवर ड्रायर चालतो असं लिहिलं असेल तर त्याच नमुन्याच्या तुकड्यावर करून बघा. माझे दोन स्वेटर असेच जागेवर आलेत.

चौथी_सुई

निळी_लोकर, आधी एक सांगते. तुमचं विणकाम चुकलेलं नाही. तुम्ही नमुना मोजलात, फक्त धुण्याआधी मोजलात. साध्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि टाका जागच्या जागी धरून ठेवतात. सुपरवॉश करताना हे खवले झिजवतात किंवा त्यांवर पातळ लेप देतात, म्हणून ती लोकर आटून नमदा होत नाही. पण धरून ठेवणारंही काही उरत नाही. पाण्यात टाका सैलावतो आणि तसाच वाळतो.

आईंचं म्हणाल तर त्या बहुधा वर्षानुवर्षं त्याच जातीची लोकर आणि त्याच सुया वापरत असतील. मग आधीचा प्रत्येक स्वेटर हाच पुढच्याचा नमुना होतो. तुमची लोकर नवीन आहे, एवढाच फरक.

ड्रायरबद्दल उलटसुलट यांचं म्हणणं खरं आहे, तरी मी तो मार्ग घेणार नाही. स्वेटर बाबा वापरणार. दर धुण्याला कोणीतरी आठवणीने तो ड्रायरमध्ये घालायला हवा, आणि एकदा राहिलं की पुन्हा ११४.

आता ३.५ च्या सुईचं. धुतलेलं कापड हातात घ्या, मुठीत दाबा, उजेडासमोर धरा. विरविरीत वाटलं, टाक्यांमधून उजेड आरपार आला, तर बारीक सुई घ्याच. पण मऊ, भरीव आणि छान लोंबणारं असेल तर ४ चीच सुई ठेवा आणि टाके कमी करा. वीस टाक्यांच्या मापाने १०४ सेंमीला २०८ टाके लागतात. पॅटर्नमध्ये अंगाला २०८ च्या आसपास टाके असलेलं माप शोधा. ते ९५ च्या घराचं असेल. आकडा बघून दचकू नका, तुमच्या हातून तेच १०४ होईल.

खरी गंमत ओळींची आहे. बहुतेक जण टाके मोजतात आणि ओळी सोडून देतात. गळ्यापासून बगलेपर्यंतची खोली समजा २३ सेंमी हवी. पॅटर्नच्या ३० ओळींनी ६९ फेरे होतात, पण तुमच्या २७ ने तेच फेरे साडेपंचवीस सेंमी भरतील, बगल खाली लोंबेल आणि हात वर केला की सगळा स्वेटर वर येईल. लहान मापात ही खोली २१ ची, म्हणजे ६३ फेऱ्यांची असली तर तुमच्याकडे ती २३ च्या जरा वर येते. हवी तितकीच.

बगलेखाली मात्र टेप बाजूला ठेवा आणि फेरे मोजा. ४० सेंमी लांबी हवी तर १०८ फेरे. सुईवर ते ३६ च दिसतील आणि हात शिवशिवतील अजून चार सेंमी विणायला. थांबा. धुतल्यावर ४० होतील.

निळी_लोकर

उजेडासमोर धरलं. कापड भरीव आहे, फार सुंदर पडतंय. पॅटर्नमध्ये २०८ चं माप खरंच आहे! पण नवीन नमुना विणावा लागेल ना? पहिला मी दोन सुयांवर सरळ विणला होता आणि स्वेटर गोल सुईवर आहे.

चौथी_सुई

नवीन कशाला? धुतलेला अर्धा स्वेटर हाच तुमचा नमुना. इतका मोठा नमुना कोण विणतं! आणि तो गोलातच विणलेला आहे, हे फार चांगलं. सरळ विणताना एक ओळ सुलट, एक उलट. पुष्कळ जणांची उलट ओळ जरा सैल असते, गोलात ती येतच नाही, म्हणून दोन्हींचं माप जुळेलच असं नाही. छातीवर, रॅग्लनच्या रेघांपासून आणि कडांपासून दूर, तीन ठिकाणी मोजा आणि मग उसवा.

फक्त बाह्यांना जपा. लहान घेर विणताना हात आवळतो किंवा सैलावतो. पहिली दहा सेंमी बाही झाली की टाके मोजा, फरक दिसला तर अर्धा मिमी लहान-मोठी सुई घ्या.

गुंडाळी

उसवलेल्या लोकरीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती कुरळी होऊन येते. तशीच विणू नका, टाके लहान-मोठे पडतील. खुर्चीच्या पाठीवर लड करा, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं बुडवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगा. खाली वजन बांधू नका, लोकर ताणली जाते आणि माप पुन्हा फसतं. पूर्ण वाळल्यावरच गुंडा करा.

दुसरं, रॅग्लनला खांद्याची शिवण नसते. ही बाही लॉर्ड रॅग्लन यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी रेघ, त्यामुळे हात घालायला मोकळी. पण शिवण नाही म्हणजे वजन पेलायलाही काही नाही, आणि सुपरवॉश तर जड होऊन ओढतेच. म्हणून गळपट्टीपासून सुरुवात करू नका. टाके घालून थेट अंग विणायला घ्या आणि गळपट्टी शेवटी कडेचे टाके उचलून विणा. ती उचललेली कड शिवणीसारखी घट्ट राहते आणि गळा पसरत नाही. मागची बाजू अर्धवट ओळींनी, म्हणजे फेरा पूर्ण न करता मधूनच उलटून विणलेल्या ओळींनी, दोन-तीन सेंमी उंच करायलाही विसरू नका, नाहीतर पुढचा गळा घशाला टेकतो. माझ्या भावाने अशा गळ्याचा स्वेटर एकदा घातला आणि ठेवून दिला, ते मला अजून लागून राहिलंय.

निळी_लोकर

काल रात्री उसवला. दोघांनी मिळून, बाबा गुंडाळत होते. कोणासाठी आहे ते त्यांना आता कळलंय. लडी टांगल्यात, अजून दमट आहेत. तीन ठिकाणी मोजलं तर २०, २० आणि साडेवीस आले, मी २० धरतेय. गळपट्टी शेवटी विणणार. बाबांनी मान मोजून दिली आणि मागून उंच हवा असं स्वतःच सांगितलं, पहाटेचा वारा मानेलाच लागतो म्हणे. म्हणून मागे तीन सेंमीच्या अर्धवट ओळी धरल्यात, म्हणजे २७ च्या मापाने आठ. बरोबर ना?

गुंडाळी

बरोबर. आठच. उलटून विणताना टाका घट्ट ओढा, भोक पडणार नाही.