तरुण पेशंटच्या दातांवरून नशेची शंका कधी घ्यावी? (दंतवैद्यांसाठी)

कोरेगाव_दातघर:
सातारा-कोरेगावकडे विशीतली मुलं येतात. पुढच्या दातांना हिरडीलगत कीड, तोंड कोरडं, दाढा झिजलेल्या. गुटखा-मिश्रीच्या खुणा ओळखू येतात, हे वेगळं वाटतं. भूल देण्याआधी काय विचारावं?

कृष्णाकाठ:
मेथसारख्या (मेथॅम्फेटामाइन) उत्तेजक नशेत कीड पुढच्या दातांच्या ओठाकडच्या गुळगुळीत बाजूवर आणि दोन दातांच्या मधे पसरते. लाळ आटते, तहानेपोटी गोड कोल्ड्रिंक्स पोटात जातात, त्यात दात करकरा आवळले जातात. अफूवर्गातल्या नशेत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, गांजात डोळे लाल आणि नाडी जलद. पण नुसत्या कोरड्या तोंडावरून शिक्का मारू नका. नैराश्याच्या काही गोळ्या, शोग्रेन (लाळ आणि अश्रू आटवणारा आजार), तोंड-गळ्याचं रेडिएशन यांतही असंच दिसतं.

भूल_आणि_बीपी:
खरा धोका आपल्या भुलेच्या इंजेक्शनचा. जिमला जाणारी काही मुलं मेफेन्टरमिन टोचून घेतात. ते मुळात उतरलेलं बीपी वाढवायचं औषध. त्यावर आपली 1:80,000 ॲड्रिनलिनवाली लिग्नोकेन, म्हणजे भुलेचं औषध (दर मिलीला 12.5 मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन) गेली की बीपी भडकू शकतं, ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी बीपी-नाडी मोजा. उत्तेजक घेऊन 24 तास झाले नसतील तर तातडी नसलेलं काम पुढे ढकला. ॲड्रिनलिन लावलेली रिट्रॅक्शन कॉर्डही (हिरडी बाजूला सारायचा दोरा) नको; ती हमखास विसरली जाते. पण थांबता येत नसेल, म्हणजे सूज वाढतेय, तोंड उघडत नाही, तर अशा पेशंटला मॉनिटर असलेल्या रुग्णालयातच पाठवा.
विचारताना घरच्यांना बाहेर बसवा. "भुलेच्या औषधाशी काही गोष्टी जुळत नाहीत, म्हणून सगळ्यांनाच विचारतो: कालपासून कुठली गोळी, इंजेक्शन, पावडर, गांजा?" एवढं सरळ विचारलं की बरेच जण सांगतात.

मिरज_एंडो:
"मला ट्रामाडॉलच (अफूवर्गातलं वेदनाशामक) लागू पडतं", एक्स-रे नको, रूट कॅनॉल नको, फक्त चिठ्ठी द्या: हे सगळं एकत्र आलं तर सावध व्हा. तरी दात ठोकून, थंड लावून तपासाच, कारण दाताच्या नसेची कळ खरीच असह्य असते. आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 एकत्र, जेवणानंतर, बहुतेक दातदुखीला पुरतात. अल्सर, किडनी, दमा आधी विचारा. रोज दारू असेल तर पॅरासिटामॉल दिवसाला 2 ग्रॅमच्या आत. गोळ्यांची संख्या अक्षरी लिहा आणि खाली रेघ मारा, नाहीतर 2 चे 20 होतात.

कोरेगाव_दातघर:
आणि पोलिसांना कळवायचं का?

कृष्णाकाठ:
त्यानं विश्वासानं सांगितलेलं केस पेपरवरच राहू द्या. उपचाराला पाठवा: साताऱ्यात परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, हेल्पलाइन 14446. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 64अ मध्ये संरक्षणाची तरतूद आहे, हेही त्याला सांगा. आणि दातांची पुढची तारीख द्यायला विसरू नका.