पीसीओएस आणि जेवणाची वेळ: रात्रीचा घास सकाळी सरकवून खरंच काही साधतं का?

(मृदुला, ताळेबंद, शर्वाणी, उत्तररात्र ही चर्चेतल्यांची नावं.)

मृदुला

पीसीओएसवर (पाळी अनियमित करणारा, अंडाशय आणि हार्मोन्सशी निगडित विकार) बोलणं निघालं की 'काय खायचं' यावर रण माजतं. 'केव्हा खायचं' हा प्रश्न मात्र कोपऱ्यात पडून राहतो. माझं म्हणणं असं: दिवसाच्या एकूण कॅलरी तेवढ्याच ठेवून त्यांचा भार सकाळ-दुपारकडे सरकवला, तर वजन न घटताही हार्मोन्सवर परिणाम दिसू शकतो.

कारण असं. अंडाशयातल्या थीका पेशी एलएच या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनच्या हुकमावर अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स) बनवतात आणि रक्तात वाढलेलं इन्सुलिन त्या हुकमाला जोर देतं. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड ते अधिक सोडतं, पण अंडाशय मात्र त्याला दाद देत राहतं. याच वाढीव इन्सुलिनमुळे यकृत एसएचबीजी कमी तयार करतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन हेच. म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनतंही जास्त आणि मोकळंही जास्त फिरतं. त्यात तेच जेवण सकाळपेक्षा रात्री घेतलं तर साखर जास्त चढते, हे निरोगी माणसांतही दिसतं. मग दिवसातलं सगळ्यात मोठं ताट नेमकं रात्री का?

पुरावा म्हणाल, तर २०१३ मध्ये दानिएला याकुबोविच यांच्या गटाने सडपातळ पीसीओएस असलेल्या ६० स्त्रियांवर केलेला अभ्यास आहे. दोन्ही गटांना दिवसाला सुमारे १८०० कॅलरी. एका गटाला न्याहारीत ९८०, दुपारी ६४०, रात्री १९०. दुसऱ्याला नेमकं उलट. ९० दिवसांनी मोठ्या न्याहारीच्या गटात मोकळं टेस्टोस्टेरॉन निम्म्यावर आलं, एसएचबीजी दुपटीवर गेलं आणि बीजविमोचनाचं (अंडाशयातून बीज सुटण्याचं) प्रमाण वाढलं.

ताळेबंद

हा अभ्यास दर वेळी काढला जातो, पण तुलना कुणाशी होती ते पाहत नाही कुणी. एकीकडे ९८० कॅलरींची न्याहारी, दुसरीकडे ९८० कॅलरींचं रात्रीचं जेवण. ही दोन टोकं झाली. तिन्ही वेळा ६००-६०० खाणारी बाई यात कुठे आहे? बहुतेकींचं खाणं तर तिच्यासारखंच असतं. त्यामुळे यातून फार तर 'रात्री अर्धं ताट ओढणं वाईट' एवढं निघेल. 'सकाळी अर्धं ताट ओढा' हे निघत नाही.

शिवाय मोकळं टेस्टोस्टेरॉन निम्म्यावर? मेटफॉर्मिनचाही (मधुमेहाची, पीसीओएसमध्येही देतात ती गोळी) अँड्रोजेनवरचा परिणाम माफकच असतो. नुसती वेळ बदलून त्याहून मोठा आकडा येत असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी तो मोठ्या गटात पुन्हा येतो का ते बघायला हवं.

आता कुणीतरी २०२१चा चीनमधला अभ्यास पुढे करेल, म्हणून आधीच सांगतो. सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळेत खायचं, ५ आठवडे. १५ जणींनी तो पूर्ण केला, ११ जणींची पाळी सुधारल्याचं नोंदलं. तुलनेला दुसरा गटच नाही. आणि जिची पाळी ४५-६० दिवसांनी येते तिची 'सुधारणा' ५ आठवड्यांत कशी ठरवणार? पाळी लांबलेली असतानाच बाई अभ्यासात येते. पुढची पाळी थोडी लवकर येणं हे काही न करताही घडू शकतं.

मृदुला

दुसऱ्या अभ्यासाबद्दल सहमत, तो मी मुद्दामच घेतला नव्हता. पण पहिल्यात खाणं वजन टिकवण्याच्या बेताचं होतं. त्यामुळे 'बारीक झाल्या म्हणून सुधारल्या' हे उत्तर तिथे चालत नाही. २०१८ मध्येही मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना ६ तासांच्या खिडकीत (दिवसातल्या तेवढ्याच वेळात), दुपारी ३च्या आत जेवायला दिलं होतं. वजन न घटता इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली.

ताळेबंद

आठ पुरुष. आठ! आणि त्यांच्याकडून आपण अंडाशयाबद्दल शिकायचं.

२०२२ मध्ये १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभराची चाचणी झाली. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केलेल्या, एका गटाला जोडीला सकाळी ८ ते ४ची खिडकी. वर्षाअखेरी वजनात लक्षणीय फरक नाही. २०२३ची आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक तत्त्वंही कुठल्याच एका आहारपद्धतीला वरचं स्थान देत नाहीत. टिकेल असा समतोल आहार आणि नियमित व्यायाम, एवढंच म्हणतात.

शर्वाणी

तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, पण 'वेळेचं बंधन' ऐकल्यावर प्रत्यक्षात काय केलं जातं? न्याहारी बंद आणि दुपारी १२ ते रात्री ८ खाणं. म्हणजे मृदुलाताई सांगतात त्याच्या बरोबर उलट. घड्याळ लावलं, पण भार रात्रीकडेच गेला. संध्याकाळपर्यंत दाबलेली भूक आठच्या आत सगळं उरकायच्या घाईत उसळते. पीसीओएस असलेल्यांत बेसुमार खाण्याचे झटके तसेही जास्त आढळतात. अशा मुलीच्या हातात घड्याळ देणं म्हणजे तिला आणखी एक 'आज मोडलं' देणं.

दुसरा धोका सडपातळ मुलींचा. अंडाशयात बऱ्याच पुटिका (द्रवाने भरलेल्या छोट्या पिशव्या) आणि पाळी गायब, एवढ्यावर पीसीओएसचा शिक्का बसतो. पण कमी खाण्याने किंवा अति व्यायामाने मेंदूकडूनच पाळी थांबली असेल, तरी सोनोग्राफीत असंच चित्र दिसू शकतं. पीसीओएसमध्ये एलएच बहुधा चढं असतं, इथे ते खाली असतं. एस्ट्रोजेनही कमी. अशा मुलीला रात्रीचं जेवण १९० कॅलरींवर आणा म्हणणं म्हणजे दुखणं वाढवणं. वजन नुकतंच घटलंय का, धावणं वाढलंय का, हे विचारल्याशिवाय कुणालाही खिडकी सुचवू नये.

मृदुला

शर्वाणी, अगदी बरोबर. १२ ते ८ला माझाही विरोध आहे. आणि १९०चं जेवण कुणी आयुष्यभर खाऊ शकत नाही, ते प्रयोगापुरतंच. रोजच्यासाठी साधारण ४०-३५-२५ टक्के धरा. १६०० कॅलरींच्या आहारात न्याहारी ६४०, दुपारी ५६०, रात्री ४००. शेवटचा घास आणि झोप यांत ३ तास.

न्याहारीत २५-३० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि गाडी इथेच अडते. दोन अंड्यांत जेमतेम १२ ग्रॅम. २०० ग्रॅम साधं दही धरलं तर ७. ४० ग्रॅम कोरडी कडधान्यं भिजवून शिजवली की ९ च्या आसपास. तिन्ही मिळून २८. फळांचा रस आणि गोड सीरियल घेऊन ६४० कॅलरी सहज होतात, पण इन्सुलिन चढायचं ते चढतंच आणि अकराला पुन्हा भूक.

दुसरी चूक म्हणजे न्याहारी वाढते, रात्रीचं ताट मात्र तेवढंच राहतं. दिवसाला २००-३०० कॅलरी जास्त, आणि महिन्याने 'मोठ्या न्याहारीने वजन वाढलं' ही तक्रार. म्हणून क्रम उलटा ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त रात्रीचं कमी करा, सकाळी भूक आपोआप लागते, मग न्याहारी वाढवा.

मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ही गोळी जेवणासोबत घ्यायची असते, आणि सावकाश विरघळणारी बहुधा रात्रीच्या जेवणाबरोबर देतात. ते जेवण अगदीच हलकं केलं की काहींना मळमळ आणि जुलाबाचा त्रास होतो.

उत्तररात्र

रात्रपाळीवाल्यांनी काय करायचं? त्यांची 'सकाळ' कुठली?

मृदुला

शरीराचं घड्याळ कामाची पाळी बदलली म्हणून लगेच फिरत नाही. २०२१च्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात रात्रपाळीची नक्कल करून १९ जणांना पाहिलं होतं. रात्री खाणाऱ्यांची साखर बिघडली, फक्त दिवसा खाणाऱ्यांची नाही. पीसीओएसवरचा अभ्यास नव्हे, तरी मुख्य जेवण कामाच्या पाळीआधी घ्यावं, मध्यरात्र ते पहाटे ६ मध्ये मोठं काही नको, भूक लागलीच तर थोडं प्रथिनयुक्त खावं.

ताळेबंद

४०-३५-२५ला माझा आक्षेप नाही. त्याला 'हार्मोन ठीक करणारी वेळ' म्हणण्याला आहे. ज्यांना करून बघायचंय त्यांनी मोजमाप तरी नीट ठेवा, नाहीतर जे हवं तेच दिसेल.

सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एकाच प्रयोगशाळेत एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी तपासा, सकाळच्या वेळी, शक्यतो पाळीच्या २ ते ५ व्या दिवशी. मोकळं टेस्टोस्टेरॉन या दोन आकड्यांवरून काढता येतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर या तपासणीला अर्थ नाही, त्या गोळ्यांनीच एसएचबीजी वाढतं. उपाशीपोटीच्या इन्सुलिनच्या एका आकड्यावर फार विसंबू नका, प्रयोगशाळेगणिक तो बदलतो.

तीन महिने पाळीच आली नसेल तर प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहणं धोक्याचं आहे, आणि जेवणाच्या वेळा बदलून ते उतरेलच असं नाही.

शर्वाणी

बीजविमोचन होतंय की नाही हे घरच्या एलएच पट्ट्यांनी (लघवीत एलएच चढलं की 'होय' दाखवणाऱ्या) बघू का, हा प्रश्न हमखास येतो. पीसीओएसमध्ये त्या फसवतात. एलएच मुळातच चढं असेल तर दिवसेंदिवस पट्टी 'होय' म्हणत राहते.

ताळेबंद

त्यापेक्षा प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) तपासा. '२१ व्या दिवशी' हा नियम २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर २८ वा दिवस धरायचा, म्हणजे अपेक्षित तारखेच्या ७ दिवस आधी. आकडा ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर असेल तर त्या महिन्यात बीज सुटलं असं धरतात. कमी आला आणि पाळी ठरल्या तारखेला आली नाही, तर तपासणी लवकर झालेली असू शकते. मग पाळी येईपर्यंत आठवड्याने पुन्हा करायची.