वॉरंटी संपल्यावर सर्व्हिसिंग कंपनीत करायचं की बाहेर? पैसे नक्की कुठे वाचतात?

तेराचा_पाना

वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, आय-टेन अशा साध्या पेट्रोल गाडीची वॉरंटी संपली की नेहमीचं सर्व्हिसिंग बाहेर करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला मॅन्युअलमध्ये छापलेलं काम फार मोठं नसतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा (ज्यातून जुनं ऑइल खाली सोडतात त्या बोल्टचा) वॉशर, एअर फिल्टर झटकणं, ब्रेक उघडून साफ करणं, टायर अदलाबदल आणि बाकी नजरतपासणी. नवा एअर फिल्टर, केबिन फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, कुलंट यांची पाळी ज्याच्या त्याच्या किलोमीटरला येते, दर खेपेला नाही.

चार सिलेंडरच्या १.२ लिटर स्विफ्टमध्ये फिल्टरसकट तीन-सव्वातीन लिटर ऑइल बसतं. मग बिल फुगतं कशाने? इंजिन फ्लश, फ्युएल ॲडिटिव्ह, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग या ओळींनी. यातली एकही बहुतेक मॅन्युअलच्या तक्त्यात सापडत नाही. पुण्यात नाना पेठेत कंपनीच्याच पॅकिंगमधले पार्ट छापील किमतीत मिळतात. ते घ्यावेत, ओळखीच्या गॅरेजला द्यावेत आणि फक्त मजुरी मोजावी.

जॉबकार्ड

सहमत नाही. तुम्ही फुगलेल्या बिलाची तुलना न फुगलेल्या बिलाशी करताय. वर लिहिलेल्या सगळ्या ओळी कंपनीच्या वर्कशॉपमध्येसुद्धा नाकारता येतात. गाडी देताना मॅन्युअलचं शेड्यूलचं पान उघडून ठेवायचं आणि ‘या पानावर आहे तेवढंच करा, जास्तीचं काही निघालं तर आधी फोन करा’ हे जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून सही घ्यायची. काढलेले पार्ट परत हवेत, हेही त्याच कार्डावर. एवढं केलं की फरक फक्त मजुरीचा उरतो.

त्या मजुरीत काय मिळतं तेही पाहा. प्रत्येक कामाची किलोमीटरसह नोंद कंपनीच्या सिस्टीममध्ये राहते आणि गाडी विकताना पहिला प्रश्न त्या नोंदीचाच येतो. त्या मॉडेलचा स्कॅनर आणि सॉफ्टवेअर अपडेट तिथे असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पार्टही त्यांचा आणि मजुरीही त्यांची, त्यामुळे बिघडलं तर जबाबदार एकच. पार्ट स्वतः आणून दिला आणि आठवड्याने ब्रेकचे पॅड किंचाळायला लागले, तर गॅरेजवाला म्हणणार ‘पार्ट तुमचा होता’ आणि दुकानदार म्हणणार ‘फिटिंग चुकलं’. मधल्यामध्ये तुम्ही दुसऱ्यांदा मजुरी भरणार.

आणि गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरचा विचारही नको. मारुतीची मूळ वॉरंटी जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे. म्हणजे हा प्रश्न नव्या गाडीवाल्यांना लवकर पडणारच नाही.

तेराचा_पाना

एकच जबाबदार हवा हा मुद्दा मान्य. म्हणूनच ब्रेकसारख्या कामात पार्टही गॅरेजकडूनच घ्यावा, मात्र बॉक्सवरचा पार्ट नंबर बिलावर लिहून घ्यावा. ऑइल आणि फिल्टर यांना ते लागू नाही. तिथे चूक झाली तर ती डोळ्यांनी दिसते.

ऑइल बदलताना शेजारी उभं राहून काय बघायचं ते लिहितो. इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायचं. कोमट ऑइल वाहतं आणि सोबत गाळ घेऊन उतरतं. बोल्ट काढल्यावर पंधरा मिनिटं निथळू द्यायचं. धार तुटून थेंब पडायला लागले की घाईघाईत बोल्ट लावतात, ते चालवून घ्यायचं नाही. वॉशर नवाच. जुना वॉशर एकदा दबलेला असतो, त्यातून पाझरतं, मग पाझर थांबवायला बोल्ट जोर लावून आवळला जातो आणि ॲल्युमिनियमचा चेंबर (इंजिनाखालचं ऑइल साठणारं भांडं) असेल तर आटेच जातात. मामुली किमतीच्या वॉशरपायी चेंबरचा खर्च.

फिल्टर काढला की त्याचं रबर त्याच्याबरोबर आलं का, हे बोट फिरवून बघायचं. कधी कधी ते इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरं एकावर एक येतात, दाब वाढला की घसरतात आणि काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचं, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवायचं आणि त्यापुढे पाऊण फेरा. पाना तिथे लागत नाही.

भरताना ठरलेल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओतायचं. मिनिटभर इंजिन चालवून बंद करायचं, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची आणि मग थोडं थोडं वर आणायचं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळून फेस करतो आणि फेसाचं वंगण होत नाही.

डबा सीलबंद घ्यायचा, सील समोर फोडायचं आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाकायचा. नकली ऑइलवाल्यांना असे चांगले डबेच हवे असतात.

काळा_धूर_नको

धाग्यात ‘साधी पेट्रोल’ लिहिलंय ते बरं झालं, पण वाचणारे सगळे तेवढं लक्षात ठेवत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले आणि डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसला. अडकलेली काजळी गाडी चालताना आपोआप जळून जाऊ शकते. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही, ती तिथेच साचत जाते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यामागे एसीईए (ऑइलचं युरोपीय मानक) सी-२ किंवा सी-३ असं लिहिलेलं असतं, त्यातलं कोणतं ते मॅन्युअल सांगतं. गॅरेजमधल्या ड्रममधलं ‘डिझेलला चालतं’ म्हणून भरलेलं ऑइल गाडी लगेच बंद पाडत नाही. डीपीएफ हळूहळू गच्च होतो, आणि त्याच्या किमतीत कित्येक सर्व्हिसिंग झाली असती.

फक्त ‘५डब्ल्यू-३०’ जुळलं म्हणजे झालं असं समजू नका. तो आकडा जाडीचा आहे, जातीचा नाही. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्ट पेट्रोलमध्ये तर टायमिंग बेल्टच (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) ऑइलमध्ये बुडून फिरतो. चुकीच्या ऑइलने त्याचं रबर झिजतं आणि ते कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. डस्टरच्या १.५ डिझेललाही बेल्टच आहे, चेन नाही. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. अशा कामाला त्याच इंजिनावर हात बसलेला माणूस हवा, मग तो कंपनीचा असो वा बाहेरचा.

मांडवीकाठ

अंडरबॉडी कोटिंगला सरसकट फालतू म्हणू नका. पुण्या-नाशिकच्या गाडीला ते लागत नसेल, पण गोवा, मालवण, रत्नागिरीत समुद्रावरून खारा वारा येतो आणि चार महिने पाऊस. इथे गाडीचा तळ खरंच गंजतो. सुरुवात सायलेन्सरचे जोड, ब्रेक पाइपचे क्लिप आणि दाराखालच्या पट्टीपासून होते.

चूक होते ती कोटिंग करण्याच्या पद्धतीत. चिखल नीट न धुता किंवा ओल्या तळावर मारलं तर आतला ओलावा कोंडतो आणि गंज आतूनच वाढतो, वरून काळं चकचकीत. एप्रिल-मेमध्ये तळ धुऊन एक दिवस पूर्ण वाळू द्यावा आणि मगच मारावं. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं बुजू देऊ नयेत. सायलेन्सर, सायलेन्सरचे रबर आणि ब्रेकची डिस्क यांवर थेंबही नको. पुढच्या वर्षी पूर्ण कोटिंग पुन्हा करायची गरज नसते, जिथे उडालंय तिथेच हात मारावा.

तेराचा_पाना

किनाऱ्यापुरतं मान्य. माझा आक्षेप दर सर्व्हिसिंगला ते बिलात येतं, याला आहे.

जॉबकार्ड

पार्टच्या किमतीकडे येतो. बाजारात तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळून विकले जातात: कार कंपनीच्या बॉक्समधला, तोच बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या नावाचा, आणि तिसरा कुणाचाही. दुसऱ्या प्रकारात पैसे खरंच वाचतात, याच्याशी माझा वाद नाही. शॉकअप गॅब्रिएलचे, ब्रेक ‘ब्रेक्स इंडिया’चे, एसीचे भाग सुब्रोसचे, फिल्टर आणि इलेक्ट्रिकल बॉशचे. हे कारखाने कार कंपन्यांनाही माल देतात. पण तुमच्या गाडीला कंपनीने नेमका कुणाचा बसवला होता हे आधी जुन्या पार्टवर वाचा. गॅब्रिएलचं नाव मोठं आहे म्हणून तुमच्या मॉडेलला मूळ तोच होता असं नाही.

तिसऱ्या प्रकारात मात्र मूळ बॉक्सची नक्कल असते. छापील किमतीवर भरघोस सूट मिळाली तर तिथूनच परत फिरा. फिल्टर किंवा पॅडवर एवढी सूट देणं खऱ्या वितरकाला परवडत नाही. मारुतीच्या पार्टची किंमत त्यांच्याच वेबसाइटवर पार्ट नंबर टाकून बघता येते. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी एकसारखा १८ टक्के झाला आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ होता. त्याआधीच्या छापील किमतीचा बॉक्स हातात आला तर आजची किंमत विचारा.

तेराचा_पाना

हे पार्ट आज बाहेर मिळतात हेच मुळात भांडून मिळालेलं आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं आणि बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी नाकारणं, या दोन्हींवर आयोगाने बोट ठेवलं होतं. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण ग्राहकाची बाजू तिथे लेखी मांडली गेली. ‘बाहेर हात लागला की सगळी वॉरंटी गेली’ हे वाक्य कुणी तोंडी टाकलं तर लेखी मागा. बाहेर टायर बदलले म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जात नाही.

लाइनर_आणि_पॅड

ब्रेकवर दोघांनीही वरवर लिहिलंय. खरे पैसे तिथे वाचतात किंवा जातात, म्हणून सविस्तर.

‘पॅड संपत आलेत’ असं सांगितलं की चाक काढून जाडी बघायची. धातूची पट्टी सोडून नुसतं मटेरियल किती उरलंय ते मोजायचं. नवीन असताना १० मिलिमीटरच्या आसपास असतं, ३ उरलं की बदलायचं. ५-६ मिलिमीटर असताना बदलायला लावत असतील तर निम्मा पॅड कचऱ्यात. पण नुसता बाहेरचा पॅड बघून ठरवू नका. आतला आधी संपतो, आणि दोघांत मोठा फरक असेल तर दोष पॅडचा नसून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनचा असतो. पिन सुकून जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, एकच पॅड घासत राहतो, चाक गरम होतं, ॲव्हरेज पडतो. तिथे नुसते पॅड बदलले तर वर्षात पुन्हा तेच. पिन काढून जुनं ग्रीस पुसायचं आणि सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने पिनचं रबर फुगतं.

पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी बघायची. वरपर्यंत भरलेली असेल तर ऑइल बाहेर सांडतं आणि रंग उतरवतं. कॅलिपर पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने बांधायचा. डिस्कची कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली असेल तर घासून घेण्यात अर्थ नाही. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे विसरलं तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही.

ब्रेक ऑइल साधारण दर २ वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट-४ ची २३० आणि १५५. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना हाच फरक पायाला जाणवतो. घाट उतरून पेडल मऊ लागलं तर पॅडच्या आधी ऑइल बघा.

काळा_धूर_नको

तीच गोष्ट कुलंटची. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, पाणी चालतं’ हे डोक्यातून काढा. कुलंट गोठू देत नाही हे त्याचं एक काम, आपल्याकडे महत्त्वाचं दुसरं: गंज आणि क्षार रोखणं. बोअरचं पाणी ओतलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो. तयार मिसळलेलं घ्या, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. रंग बघून मिसळू नका, हिरवा-लाल हा काही ठरलेला नियम नाही.

जॉबकार्ड

जुन्या पार्टबद्दल कुणी बोललं नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आरसा, टेललॅम्प, दार, काचेची मोटर, सीट घ्यायला हरकत नाही. बघून, लावून, तपासून घेता येतं. ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शनचे आर्म, एअरबॅग आणि टायर तिथून कधीच नको. त्यांची आतली चीर दिसत नाही.

तेराचा_पाना

यावर एकमत. आता क्लच. माझ्या मते हे काम बाहेर करण्यात सगळ्यात जास्त पैसे वाचतात, कारण बिलातला मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीचा असतो.

जॉबकार्ड

आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिथेच होते, कारण उघडलेलं कुणी बघत नाही. आधी क्लच खरंच गेलाय का ते तपासा. रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाला चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झर्रकन वर गेला आणि वेग तसाच राहिला, तर प्लेट घसरतेय. आरपीएम आणि वेग एकत्र वाढले आणि फक्त पेडल जड लागत असेल, तर आधी केबल बघायला सांगा, तेवढ्यावर भागू शकतं. गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला. क्रँकचं मागचं ऑइल सील ओलसर दिसलं तर तेही त्याच वेळी, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल येईल आणि उतरवण्याची मजुरी पुन्हा भरावी लागेल. गिअरबॉक्स खाली असताना फ्लायव्हीलचा आणि त्या सीलचा फोटो मागा. फोटो पाठवणारं गॅरेज असेल तर बाहेर करा, माझी हरकत नाही.