खिडकीतल्या पेटीत स्वीट पी: कळ्या धरतात, पण उमलण्याआधीच का गळतात?

दक्षिणखिडकी (पुणे)

नमस्कार. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेला उघडते. खिडकी चार फूट उंच आहे, वर दीड फुटाचा छज्जा आहे आणि ग्रिलच्या आत कट्ट्यावर तीन फूट लांब, सात इंच खोल अशी प्लास्टिकची पेटी ठेवली आहे. आईच्या लहानपणी देवळालीच्या घराच्या कुंपणावर स्वीट पीचे वेल असत आणि त्या वासाची आठवण ती आजही काढते, म्हणून गेल्या वर्षी परदेशातून आलेले एक पाकीट मिळताच मी १० डिसेंबरला वीस बिया पेरल्या. त्यांपैकी सातच उगवल्या. वेल मात्र गर्द हिरवे झाले, ग्रिलच्या वर गेले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कळ्या दिसू लागल्यावर मला फार आनंद झाला. त्यानंतर दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्या कळ्या पिवळ्या पडून देठासकट गळाल्या. हाताने नुसता स्पर्श केला तरी कळी सुटून येत असे. मार्चच्या मध्यावर दोन फुले उमलली, त्यांचा वास आईला देता आला, इतकेच. या वर्षी तिच्यासाठी निदान एक फुलदाणी भरावी अशी मनापासून इच्छा आहे. पेरणी केव्हा करावी, जात कोणती घ्यावी, पेटी पुरेशी आहे का, आणि कळ्या नेमक्या कशामुळे गळाल्या, हे कृपया कोणी सांगावे.

गोदाकाठ (नाशिक)

ताई, तुमच्या वेलांना रोग झाला नव्हता. त्यांना वेळ पुरला नाही. स्वीट पीच्या जाती दिवसाच्या लांबीप्रमाणे कळी धरतात. हिवाळी जातींना दहा तासांचा दिवस पुरतो, वसंती जातींना सुमारे अकरा तास लागतात, आणि मोठ्या झालरीदार पाकळ्यांच्या स्पेन्सर प्रकारच्या जातींना जवळजवळ बारा तासांचा दिवस हवा असतो. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो, त्यामुळे हिवाळी जाती आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही निःशंक फुलतात, पण स्पेन्सर मात्र मार्च उजाडेपर्यंत पाने वाढवत बसतो आणि कळ्या येतात त्याच सुमारास पारा चढू लागतो. परदेशी पाकिटावरचे चित्र बहुधा स्पेन्सरचेच असते. म्हणून या वर्षी बी घेताना पाकिटावर ‘विंटर एलिगन्स’, ‘विंटर सनशाइन’ किंवा ‘मॅमथ’ अशा लवकर फुलणाऱ्या मालिकांपैकी एखादे नाव आहे का, हे आधी पाहा.

दुसरे कारण तुमच्या छज्ज्यात आहे, आणि तुम्ही मापे दिली म्हणूनच ते लक्षात आले. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, तेव्हा दीड फुटाच्या छज्ज्याची सावली जेमतेम पावणेदोन फूट खाली येते आणि कट्ट्यावरच्या पेटीला भरपूर ऊन मिळते. २० मार्चच्या सुमारास तोच सूर्य ७१ अंशांवर चढतो आणि सावली साडेचार फुटांपर्यंत उतरते, म्हणजे तुमची पूर्ण खिडकी दुपारी सावलीत जाते. एकीकडे हवा तापलेली आणि दुसरीकडे प्रकाश कमी, अशा अवस्थेत हा वेल कळ्या टाकून देतो. दक्षिणेची खिडकी स्वीट पीसाठी उत्तमच आहे, पण ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच, आणि सारा हंगाम त्या चार महिन्यांत बसवावा लागतो.

पेरणी कोजागिरी ते दिवाळी या पंधरवड्यात करावी. त्या दिवसांत दुपारी ऊन कडक असते, म्हणून बी कागदी पेल्यांत घालून पेले घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावेत आणि कोंब वर येताच खिडकीत आणावेत. उगवण कमी होण्याचे कारण बहुधा टणक साल हे आहे. बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या की सकाळी काही फुगून जवळजवळ दुप्पट दिसतात, आणि काही छर्र्यासारख्या जशाच्या तशा राहतात. फुगलेल्या लगेच पेराव्यात. न फुगलेल्यांची साल, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, नेलकटरने आतला फिकट रंग दिसेल इतपतच टोकरून त्या पुन्हा पाण्यात टाकाव्यात. रोपावर पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे बुंध्यातून दोन-तीन जोमदार फुटवे येतात. द्राक्षाच्या वेलाप्रमाणे यालाही बाळ्या (आधाराला गुंडाळणारे तंतू) येतात, पण त्या फार नाजूक असतात, जाड ग्रिलला त्यांची पकड बसत नाही. ग्रिलवर सुतळी किंवा जाळी बांधून दिली तर वेल स्वतःहून चढतो.

मातीकाम (ठाणे)

पेटीच्या खोलीबद्दल लिहितो. सात इंच खोली कमी पडते. या वेलाची मुळे खोल जातात आणि त्यांना गारवा लागतो, उथळ प्लास्टिकची पेटी उन्हाने तापली की मुळे आधी दमतात. निदान दहा ते बारा इंच खोलीची पेटी घ्या, आणि तिच्या उन्हाकडच्या बाजूला गोणपाट किंवा थर्मोकोलचा तुकडा लावा. मात्र वजनाचा विचार आधी करा, कारण तीन फूट लांब, आठ इंच रुंद आणि बारा इंच खोल पेटीत साधारण ५७ लिटर मिश्रण मावते. नुसती बागेतली माती भरून पाणी घातले तर हे वजन शंभर किलोंच्या घरात जाते. म्हणून निम्मे कोकोपीट, उरलेल्यात पोयटा माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण करा, आणि पेटी बाहेर काढलेल्या ग्रिलवर न ठेवता कट्ट्यावरच ठेवा. खाली ताटली अवश्य ठेवा. आमच्या इमारतीत पेटीतून गळणाऱ्या पाण्यावरून खालच्या मजल्याशी वर्षभर अबोला झाला होता आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

गर्द पाने आणि थोड्या कळ्या हे नत्र जास्त झाल्याचेही लक्षण असू शकते. हे कडधान्याच्या कुळातले झाड आहे, मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने ते स्वतःसाठी नत्र मिळवू शकते, त्यामुळे युरिया मुळीच घालू नये. कळी धरण्याच्या सुमारास पालाशयुक्त खत थोडे द्यावे. ठाण्या-मुंबईत रात्री पुरेशा गार होत नाहीत, मी दोन वर्षे प्रयत्न करून थांबलो, पण पुण्याला ही अडचण इतकी नाही.

लेस्टरकर (इंग्लंड)

पाकिटावरच्या सूचना इकडच्या हवेसाठी लिहिलेल्या असतात, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. येथे लोक ऑक्टोबरमध्ये काचघरात किंवा मार्चमध्ये उघड्यावर बी पेरतात, आणि जूनमध्ये सोळा तासांच्या दिवसात, पंचवीस अंशांच्या आतल्या उन्हात वेल फुलतो. पण या झाडाची जन्मभूमी इंग्लंड नाही. सिसिलीतील फ्रान्चेस्को कुपानी या धर्मगुरूने १६९९ मध्ये याचे बी इंग्लंडमधील एन्फिल्डच्या रॉबर्ट युव्हडेल यांना पाठवले. सिसिलीत हा वेल पावसाळी हिवाळ्यात वाढतो आणि कोरडा उन्हाळा भरात येण्याआधी बी धरून वाळून जातो. म्हणजे आपल्याकडचा रब्बी हंगाम त्याच्या मूळ स्वभावाला इंग्लंडच्या उन्हाळ्याइतकाच जवळचा आहे. स्पेन्सर प्रकार फार नंतरचा, विसाव्या शतकाच्या प्रारंभी ऑल्थॉर्पच्या बागेतून पुढे आला आणि त्याची निवड येथल्या लांब दिवसांत झाली.

तुमच्या आईला वास हवा असेल तर जुन्या, लहान फुलांच्या जातींची मी मनापासून शिफारस करीन. ‘कुपानी’ या नावाने मिळणारी जांभळी-तपकिरी आणि निळसर अशी दुरंगी जात दिसायला साधी असते, पण तिच्या दोन देठांनी खोली भरते. मात्र आपल्याकडच्या दिवसांत ती किती लवकर कळी धरेल याची खात्री करून घेण्यासाठी पहिल्या वर्षी हिवाळी जातीसोबत तिची चार-पाचच रोपे लावा.

लाखोरी (भंडारा)

एक सूचना सर्वांसाठी. फुले गेल्यावर या वेलाला मटारसारख्या शेंगा येतात आणि लहान मुलांना त्या खाव्याशा वाटतात. त्या खाऊ देऊ नयेत, बिया विषारी आहेत. आमच्या भागात भातकापणीनंतर शेतात पेरली जाणारी लाख ही याच्याच जातकुळीतली, आणि तिची डाळ दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांतली शक्ती जाते, हे विदर्भातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. स्वीट पीच्या बियांतले विषारी द्रव्य वेगळे असले तरी काळजी तितकीच घ्यावी. उरलेले बी स्वयंपाकघरातल्या डब्यांजवळ ठेवू नये.

दक्षिणखिडकी (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छज्ज्याची सावली माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. काल दुपारी मोजपट्टी लावून पाहिली. अजून एक शंका आहे. फुले वेलावर राहू द्यावीत की तोडावीत? आईचे मन फूल तोडायला धजत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

आईंना सांगा की या वेलाच्या बाबतीत फूल तोडणे हीच त्याची सेवा आहे. एकदा शेंग भरू लागली की वेल पुढच्या कळ्या धरणे थांबवतो, म्हणून दर दुसऱ्या दिवशी सकाळी देठावरची खालची फुले पूर्ण उमललेली आणि टोकाची कळी अर्धवट मिटलेली असताना संपूर्ण देठ कापून घ्यावा आणि राहून गेलेली प्रत्येक शेंग खुडावी. कळ्यांच्या काळात माती कधी कोरडीठाक आणि कधी चिखल असे होऊ देऊ नका, बोट दोन पेरे घालून ओल पाहूनच पाणी द्या. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. पानांवर पांढरी भुरी दिसू लागली तर दाट फुटवे थोडे विरळ करून हवा खेळू द्या. बी या आठवड्यात मिळाले तर फुगलेल्या आणि न फुगलेल्या बिया वेगवेगळ्या मोजून येथे आकडा लिहा, त्यावरून किती पेले भरायचे ते आपण ठरवू.