डोमेन ट्रान्सफर अडकलंय, नवी साइट कशी बघू?

प्रश्न: फाइल्स नव्या होस्टिंगवर चढवल्यात. डोमेन टाकलं की जुनीच साइट उघडते. आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) टाकला तर होस्टिंगचं कोरं पान. वर्डप्रेस आहे, विंडोज ११.

उत्तर १: सर्व्हर शेअर्ड आहे (एकाच आयपीवर अनेक साइट), नुसत्या आयपीवरून कुठली साइट हवी ते त्याला कळत नाही. नोटपॅड 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. विंडोज > सिस्टम३२ > ड्रायव्हर्स > ईटीसी मधली 'होस्ट्स' फाइल घ्या, कुठल्या डोमेनला कुठला आयपी ते तुमचा संगणक आधी तिच्यात बघतो (दिसली नाही तर 'ऑल फाइल्स' निवडा). तळाशी आधी नवा आयपी, स्पेस, मग डोमेन. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं नावही त्याच ओळीत लिहा, लोक हेच विसरतात. सेव्ह करताना फाइलच्या नावामागे '.टीएक्सटी' चिकटलं तर सगळं फुकट. ब्राउझर बंद करून उघडा.

उत्तर २: एचटीटीपीएस सर्टिफिकेटची वॉर्निंग येईल. डीएनएस (डोमेनचा आयपी सांगणारी यंत्रणा) जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवते तोवर लेट्स एन्क्रिप्टची (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) नेहमीची एचटीटीपी पडताळणी तिकडेच जाते. होस्टिंगच्या तात्पुरत्या यूआरएलच्या नादी लागू नका, डेटाबेसमधला 'साइट यूआरएल' परत जुन्या साइटवर ढकलतो.

उत्तर ३: मुळात ट्रान्सफरसाठी थांबायचं कशाला? रजिस्ट्रार (डोमेन नोंदवणारी कंपनी) वेगळा, होस्टिंग वेगळं. आजच डीएनएसमधला टीटीएल (जुनं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा) ३०० करा, जुना टीटीएल उलटला की ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपी लिहिलेली नोंद) बदला. फक्त नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचे असतील तर आधी डीएनएस दुसरीकडे हलवा, नाहीतर ट्रान्सफरनंतर साइटसोबत मेलही बंद पडू शकेल. आणि होस्ट्समधली ती ओळ नंतर काढा.