पलंगाखालची काजळ: नवीन मांजर घरात रुळण्याचे आणि रात्रींचे अनुभव

चार दिवसांपूर्वी काजळ आमच्याकडे आली. काळीभोर, अंदाजे दीड वर्षाची, नसबंदी झालेली. आधीच्या घरी तिला ठेवणं शक्य राहिलं नाही म्हणून ती निवाऱ्यात आली आणि तिथून आमच्याकडे. दिवसभर पलंगाखाली भिंतीला पाठ लावून बसते. वाकून बघितलं तर फक्त दोन डोळे दिसतात. रात्री आम्ही दिवे घालवले की बाहेर येते आणि बंद दारासमोर बसून ओरडते. भुकेचं म्याव मला ओळखू येतं, हे तसं नाही. लांबवलेला, खालच्या पट्टीतला आवाज आहे, कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा. परवा पहाटे चारला उठून मी वाटीत तिच्या खाण्याचे दाणे घातले, तशी लगेच गप्प झाली. काल तीनलाच सुरू झाली.

माझी झोप गेली त्याचं एवढं नाही. ती घाबरली आहे आणि तिच्यासाठी नेमकं काय करावं हे मला कळत नाही, याचा जास्त त्रास होतोय. ज्यांनी मांजर दत्तक घेतलंय त्यांनी आपले पहिले दिवस आणि पहिल्या रात्री कशा गेल्या ते सविस्तर लिहा. चुकलं असेल तेही लिहा.

* * *

ताई, अख्खं घर तिला एकदम देऊ नका. आम्ही नेमकं तेच केलं होतं. पिंजरा हॉलमध्ये उघडला, बोका जो पळाला तो कपाटामागे, आणि दोन दिवस तिथून हलला नाही. घाबरलेल्या मांजराला मोठी जागा म्हणजे लक्ष ठेवायला तितकीच जास्त दारं आणि तितकेच जास्त आवाज.

मग त्याला सर्वांत लहान खोली दिली. एका कोपऱ्यात खाणं, पाणी त्यापासून जरा लांब, लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूसाठी लिटरचे (वाळूसारखे) दाणे भरलेला ट्रे, अगदी दुसऱ्या टोकाला. लिटर निवाऱ्यात वापरत होते तेच आणलं. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवला आणि आत त्याचं तिकडचं फडकं अंथरलं. ते फडकं न धुता ठेवा, कारण नव्या जागेत ओळखीचा असा तेवढाच एक वास असतो.

ओढून बाहेर काढायचं नाही, हे आम्ही सगळ्यांनी ठरवलं. मी रोज संध्याकाळी खोलीत जमिनीवर बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे. त्याच्याकडे रोखून बघायचे नाही, नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे. सहाव्या संध्याकाळी त्यानेही तसेच डोळे मिटले. नवव्या संध्याकाळी माझ्या पायाच्या अंगठ्याचा वास घेऊन परत खोक्यात गेला. मी बातमी अर्धी सोडून तशीच बसून राहिले, हलायची हिंमत होईना.

* * *

आमचं पिल्लू नऊ आठवड्यांचं होतं. पहिल्या रात्री त्याचा आक्रोश ऐकवेना. इतकी लहान पिल्लं भावंडांच्या ढिगात झोपतात, त्यांना एकटं झोपणं माहीतच नसतं. कोमट पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून त्याच्या खोक्यात एका बाजूला ठेवली, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता यावं. आई-भावंडांच्या अंथरुणाचा तुकडा जवळ ठेवला. त्या रात्री तीन तास झोपलं, चौथ्या रात्री सलग सहा.

आम्हाला हे आधी कळलं असतं तर दोन पिल्लं एकत्र आणली असती. आणि काळजीपोटी गाईचं दूध पाजू नका. आम्ही पाजलं आणि त्याचं पोट बिघडलं. आईचं दूध सुटलं की बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही.

* * *

मी रात्रीबद्दलच लिहितो, कारण ते आठ महिने आम्ही भोगलंय.

मांजर रात्रभर जागणारा प्राणी आहे असं मला वाटायचं. खरं तर ते पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत तरतरीत असतं, उंदीर-पाखरं हालचाल करतात त्या वेळेला. म्हणजे पहाटे साडेचारला आमच्या मांजरीचं उठणं हा खोडकरपणा नाही, तिचं घड्याळ बरोबर चाललंय. ते घड्याळ पूर्ण बदलत नाही, पण बरंच सरकवता येतं.

मांजराचा स्वाभाविक क्रम असा असतो: शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. आमच्याकडे ती दिवसभर एकटी झोपायची, संध्याकाळी सातला जेवायची, आणि आम्ही झोपायला गेलो की तिची शिकारीची वेळ व्हायची. आम्ही क्रम जुळवला. रात्री दहाला काठीला बांधलेलं पीस घेऊन पंधरा-वीस मिनिटं खेळ. पीस तिच्या तोंडासमोर नाचवायचं नाही, कुठलाही उंदीर मांजराच्या अंगावर चालून येत नाही. ते तिच्यापासून लांब पळवायचं, खुर्चीच्या पायामागे लपवायचं, मध्ये थांबवायचं. ती दबा धरते, मागचा भाग हलवते, झेप घेते. अधूनमधून तिला पकडू द्यायचं. लेझरच्या ठिपक्यामागे ती धावते खूप, पण हाती काही लागत नाही. त्यामुळे तो वापरलाच तर शेवटी खरं काहीतरी पकडायला द्या. खेळ हळूहळू मंदावत आणायचा आणि लगेच रात्रीचं मुख्य जेवण. ती जेवते, दहा मिनिटं अंग चाटते आणि झोपते. तिसऱ्या आठवड्यापासून साडेपाचच्या आत उठणं बंद झालं.

खेळ झाला की काठी-दोरी कपाटात बंद करा. मांजराची जीभ खरखरीत, आत वळलेल्या काट्यांची; दोरा एकदा तोंडात गेला की बाहेर टाकता येत नाही, गिळलाच जातो आणि आतड्यात अडकतो.

पहाटेच्या जेवणासाठी ठरल्या वेळी उघडणारं यंत्र घेतलं. आता ती माझ्या उशाशी न येता यंत्रासमोर जाऊन बसते.

* * *

वर चार वाजता दाणे दिल्याचं लिहिलंय, त्याबद्दल. ओरडलं की खाणं मिळतं हे मांजर एका रात्रीत शिकतं आणि विसरायला कितीतरी रात्री घेतं. आम्ही उठायचं बंद केलं तेव्हा आधी ओरडणं वाढलं. पाचव्या रात्री दीड तास झाल्यावर बाबांना राहवलं नाही, त्यांनी उठून दिलं. मग तिला दीड तास ओरडायची सवय लागली. दुसऱ्यांदा घरातल्या प्रत्येकाने शब्द दिला, तेव्हा अकरा रात्रींत थांबलं.

पण हे आमच्या रुळलेल्या, धडधाकट मांजराबद्दल सांगतेय. काजळला चारच दिवस झालेत आणि ती भीतीने ओरडतेय. तिच्याकडे आत्ता पाठ फिरवू नका. खाणं देऊ नका, पण त्याच खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपा. माणूस जवळ आहे एवढं तिला कळू दे.

* * *

ओरडणं दर वेळी सवयीचं किंवा भीतीचं नसतं, हे मी माझ्या बोक्यामुळे शिकले. नवा होता, रात्री सारखा लिटर बॉक्समध्ये जायचा, बसायचा, कण्हायचा, बाहेर यायचा. मला वाटलं जागा आवडली नाही. बॉक्स हलवला, लिटर बदललं. सकाळपर्यंत तो एका जागी पडून होता. लघवीचा मार्ग बंद झाला होता. डॉक्टरांनी नळी घालून मोकळा केला, वाचला. बोक्यांमध्ये तो मार्ग अरुंद असतो आणि तुंबल्यावर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर रात्र असली तरी निघा. मी एक रात्र थांबले, ती अजून आठवते.

तसंच खाण्याचं. नवीन मांजर पहिल्या दिवशी कमी खातं, ठीक आहे. पण पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते, विशेषतः ते लठ्ठ असेल तर.

* * *

आमच्या भाटीची नसबंदी व्हायची होती. सात महिन्यांची असताना तीन रात्री अशी ओरडली की शेजारी विचारायला आले. जमिनीवर लोळायची, शेपूट बाजूला करायची. माजावर आली होती. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. शस्त्रक्रिया झाल्यावर थांबलं. काजळची झालेली आहे, तरी इतरांसाठी लिहून ठेवते.

* * *

मी तेरा वर्षांची मांजरी दत्तक घेतली. म्हातारं मांजर कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम. ती मध्यरात्री खोलीच्या मधोमध उभी राहून भिंतीकडे बघत ओरडायची. तपासणीत थायरॉईड वाढलेलं आणि रक्तदाब जास्त निघाला. गोळ्या सुरू झाल्यावर आवाज निम्म्यावर आला. उरलेल्यासाठी मी पॅसेजमध्ये मंद दिवा ठेवला आणि लिटर बॉक्स कमी उंचीच्या कडेचा घेतला. ती दोन वर्षं माझ्याजवळ होती. शेवटचं वर्षभर माझ्या गुडघ्यांच्या मागच्या खळग्यात झोपायची, आणि अजूनही कूस बदलताना मी जपूनच बदलतो.

* * *

लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं सांगतात: तीन दिवसांत दम घेतं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आमच्या मोतीला पाच महिने लागले. मांडीवर ती आजही येत नाही. पण मी ज्या खोलीत बसेन त्या खोलीत येऊन, माझ्याकडे पाठ करून झोपते. मांजर ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडेच पाठ करतं, आणि मला ते पुरेसं आहे.

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काजळला येऊन सोळा दिवस झाले.

पलंगाची खोली बंद केली, तिला मागची लहान खोली दिली. निवाऱ्यात फोन करून तिचं जुनं पांघरूण मागवलं. ते मिळालं तेव्हा तिने त्यात तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ पंजांनी मळत राहिली. मी सहा रात्री तिथेच गादीवर झोपले. पहिल्या तीन रात्री दाराशी बसून ओरडली, पण दर रात्री थोडं कमी. डॉक्टरांकडे तपासून आणलं, तब्येत चांगली आहे. पहाटेचं खाणं बंद केलं. दहा वाजताचा खेळ मात्र अजून जमलेला नाही, ती पीस बघते पण खोक्याच्या बाहेर येऊन झेप घेत नाही. कुणाच्या मांजराने असं केलं असेल तर सांगा, काय करू?

काल रात्री अडीचला जाग आली. ओरडणं नव्हतं, घुरघुर ऐकू येत होती. अंधारात ती कुठे आहे ते दिसेना, म्हणून पाय हलवला, तर पायथ्याशी पांघरूण जड लागलं.